लोकरी मावा, २००२ : फवारणी थकली तेथे किडींनी ऊस राखला

१/१२
सन २००२ चा पावसाळा. सांगली जिल्ह्यातील उसाच्या पानांखाली पिंजलेला कापूस चिकटवावा तसे पांढरे थर दिसू लागले. पाहता पाहता कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे आणि सीमेपलीकडचा बेळगावचा पट्टाही या किडीने व्यापला. तिचे नाव लोकरी मावा. कीटकनाशकांची शक्ती कोठपर्यंत पोहोचते आणि कोठे संपते, हे या किडीने कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्याला शिकवले.

२/१२
या खोऱ्यात ऊस म्हणजे केवळ पीक नव्हे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात शाहूपुरीची गूळपेठ वसली आणि १९०९ मध्ये राधानगरी धरणाचे काम सुरू झाले. पुढे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. घरातील लग्नापासून सोसायटीच्या कर्जापर्यंत सारा हिशेब उसाच्या बिलावर बसू लागला. त्यामुळे उसावरील संकट हे प्रत्येक उंबरठ्यावरील संकट होते.

३/१२
अशा संकटात शेतकऱ्याचा हात प्रथम फवारणी पंपाकडे गेला. ते स्वाभाविकच होते, कारण त्यामागे अर्ध्या शतकाचा अनुभव होता. पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला आणि त्यासाठी १९४८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

४/१२
भारताला या शोधाचा लाभ मोठा झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी सुमारे ७.५ कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे ८ लाख लोक दगावत. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घराघरांतून डीडीटी फवारली गेली. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे १ लाखावर आली. हरितक्रांतीच्या काळात संकरित व अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांना किडींपासून वाचवण्यातही औषधांचा वाटा होता.

५/१२
या यशाची दुसरी बाजूही लवकरच दिसली. १९५८ मध्ये केरळात पॅरॅथिऑन मिसळलेले गव्हाचे पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९६२ मध्ये रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथाने जगाला हादरवले. भारतात १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला. डासांमध्ये डीडीटीला प्रतिकारशक्ती आली आणि इतर कारणांची भर पडून १९७६ मध्ये हिवतापाचे रुग्ण पुन्हा ६० लाखांच्या पुढे गेले. १९८९ मध्ये शेतीतील डीडीटीचा वापर बंद करण्यात आला.

६/१२
आता पुन्हा उसाकडे. लोकरी माव्याची नोंद शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर केली होती. भारतात तो १९५८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि पुढे ईशान्येकडे. पश्चिम महाराष्ट्राला मात्र तो सर्वस्वी नवा होता. येथील शेतकऱ्याकडे त्याविषयीचा अनुभव नव्हता, आणि त्याला खाणारे शत्रूही सुरुवातीला पुरेसे नव्हते.

७/१२
याची मादी नराशिवाय थेट पिलांना जन्म देते, त्यामुळे संख्या झपाट्याने वाढते. मावा पानाच्या खालच्या बाजूने रस शोषतो आणि मधासारखा चिकट स्राव सोडतो. तो स्राव खालच्या पानांवर पडतो व त्यावर काळी बुरशी चढते. पान काळे पडले की उन्हापासून अन्न तयार होणे मंदावते, वजन घटते, साखरही घटते. वाऱ्याबरोबर आणि जनावरांसाठी नेल्या जाणाऱ्या वाड्याबरोबर कीड गावोगाव गेली.

८/१२
मॅलाथिऑनसारखी औषधे मारली गेली. लहान उसात त्यांनी कीड आटोक्यात येई. परंतु सहा-सात महिन्यांचा ऊस पुरुषभर उंचीच्या वर जातो, पाने एकमेकांत गुंततात. पाठीवर पंप घेऊन आत शिरणे कठीण, आणि शिरलेच तर औषधाचे तुषार स्वतःच्या तोंडावर येतात. मावा पानाखाली, वर मेणचट लोकरीचे कवच. औषध पोहोचत नसे. पोहोचे तेथे माव्यासोबत त्याला खाणारे कीटकही मरत. वाचलेल्या थोड्या माव्यांना मग रान मोकळे मिळे.

९/१२
उपाय शेतातच सापडला. ‘कोनोबाथ्रा’ (आजचे शास्त्रीय नाव डिफा) या पतंगाची अळी माव्याच्या थरातच जाळे विणून त्यावर जगते. ‘मायक्रोमस’ या तपकिरी, जाळीदार पंखांच्या कीटकाची अळी आणि प्रौढ, दोघेही मावा खातात. ईशान्य भारतातून ‘एन्कार्सिया’ ही सूक्ष्म गांधीलमाशी आणली गेली. ती माव्याच्या शरीरातच अंडे घालते.

१०/१२
मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठे, बंगळूरची जैविक नियंत्रण संस्था आणि साखर कारखाने कामाला लागले. उभ्या उसावर शेडनेट उभारून आत मित्रकीटक वाढवले गेले. हेक्टरी कोनोबाथ्राच्या १,००० अथवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्या सोडण्याची शिफारस झाली. अट एकच होती : त्यानंतर त्या शेतात औषध मारायचे नाही. ज्या शेतकऱ्याने आयुष्यभर कीड दिसताच पंप उचलला, त्याच्यासाठी हात आवरणे हीच सर्वांत अवघड गोष्ट होती.

११/१२
त्याच वर्षांत दुष्काळही होता. दोहोंच्या माऱ्याने राज्याचे साखर उत्पादन दोन हंगामांत निम्म्याहून खाली आले. परंतु मित्रकीटक स्थिरावले तसा मावा ओसरला. आजही तो अधूनमधून दिसतो, पण बहुधा त्याच्यामागोमाग त्याचे शत्रूही येतात. २००२ ची दहशत पुन्हा पसरली नाही.

१२/१२
म्हणून औषधे निरुपयोगी ठरत नाहीत. जमिनीत राहून उसाची मुळे कुरतडणारी हुमणी कोल्हापूरच्या शेतकऱ्याला आजही छळते. तिच्यासाठी वळवाच्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवरील भुंगेरे गोळा करणे, मेटारायझियम बुरशी आणि प्रसंगी रसायन, असा तिहेरी मार्ग लागतो. दुसरीकडे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पंप कधी उचलायचा हे कळण्याइतकेच तो कधी खाली ठेवायचा हे कळणेही शेतीचे ज्ञान आहे. पश्चिम महाराष्ट्राने ते २००२ नंतर मोठी किंमत मोजून मिळवले.