मोबाईलवर पदार्थांचे फोटो कसे काढावेत? मोदक करडा आणि मिसळ काळपट का दिसते?

गणपती जवळ आले की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेतल्या जातील’ असे मेसेज सुरू होतात. खाली फोटो असतो. तो रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला, मागे शेगडी आणि फडकं, ताटलीत करड्या रंगाचे गोळे. करणारीच्या हाताला कितीही चव असली तरी मोबाईलवर ती कळत नाही. दिसतो तो फोटोच, आणि ऑर्डर दुसऱ्या कुणाकडे जाते. रेसिपीचा ब्लॉग किंवा इन्स्टाग्राम पेज चालवणाऱ्यांची अडचणही हीच आहे.

यावर महागडा फोन हा उपाय नाही. गेल्या सात-आठ वर्षांतला कुठलाही बरा फोन या कामाला पुरतो. फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा उजेडामुळे, चुकीच्या अंतरामुळे आणि कॅमेऱ्याने स्वतःच्या मनाने लावलेल्या अंदाजामुळे.

त्याआधी एक साधी गोष्ट. लेन्स पुसा. स्वयंपाकघरात फोन तेलकट हातांनी उचलला जातो आणि लेन्सवर बोटाचा पुसट थर बसतो. फोटो धुरकट येण्याचं, दिव्याभोवती पसरट वलय दिसण्याचं कारण अनेकदा एवढंच असतं. मऊ सुती कापड पुरे.

उजेड कुठून घ्यायचा?

खिडकीतून. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ ताट ठेवा आणि उजेड पदार्थाच्या बाजूने किंवा किंचित मागून येऊ द्या. तुमच्या पाठीमागून येणारा उजेड पदार्थावर सपाट पडतो. मग मोदकाच्या कळ्या दिसत नाहीत, भाकरीचा पापुद्रा दिसत नाही. बाजूच्या उजेडात प्रत्येक कळीची एक कड उजळते, दुसरीकडे हलकी सावली पडते आणि पदार्थाला आकार येतो.

शहरातल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराची खिडकी बऱ्याचदा ड्राय बाल्कनीत उघडते आणि तिथे उजेड जेमतेम असतो. अशा वेळी ताट सरळ हॉलमध्ये न्या. फोटो स्वयंपाकघरातच काढला पाहिजे असं काही नाही. खिडकीत कडक ऊन येत असेल तर पांढरी ओढणी किंवा पातळ पंचा लावा, उजेड मऊ होतो. सावलीची बाजू फार काळी वाटली तर तिथे पांढरा कार्डशीट किंवा थर्माकोलचा तुकडा उभा करा. खिडकीचा उजेड त्यावर आपटून परत पदार्थावर येतो. दहा-वीस रुपयांच्या या तुकड्याने जो फरक पडतो तो कुठल्याही अ‍ॅपने पडत नाही.

खिडकीजवळ फोटो काढताना घरातले दिवे बंद करा. ही पायरी जवळपास सगळेच विसरतात. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० ते ३००० केल्विनचा असतो, दुपारच्या दिवसाचा ५५०० च्या आसपास. आपला डोळा दोन्हींशी जुळवून घेतो. कॅमेरा मात्र एका वेळी एकाच उजेडाचा रंग सुधारू शकतो. दोन्ही एकत्र पडले की मोदकाची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर येते, आणि एडिटिंगमध्ये एक बाजू सुधारायला गेलं की दुसरी बिघडते.

फ्लॅश वापरूच नका. समोरून आदळणाऱ्या उजेडात तर्रीवर पांढरा डाग उमटतो आणि बाकी सगळं सपाट होतं.

रात्रीच काढायची वेळ आली तर? चकली, शंकरपाळे, लाडू सकाळपर्यंत थांबू शकतात, त्यांना थांबू द्या. मोदक थांबत नाहीत. मग घरातले इतर दिवे बंद करून एकच पांढरा एलईडी दिवा घ्या आणि तो पदार्थावर न रोखता शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर रोखा. भिंतीवरून येणारा उजेड खिडकीसारखा पसरट असतो.

कॅमेऱ्याचा अंदाज कुठे चुकतो?

समोरचं दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं असणार, असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. पांढऱ्या ताटलीत पांढरे मोदक दिसले की त्याला उजेड जास्त वाटतो आणि तो फोटो काळसर करतो. पांढऱ्याचं करडं होतं ते इथे. इडली, दहीभात, घावन, सगळ्यांचं हेच. काळ्या मसाल्याचं मटण किंवा शेवभाजीच्या बाबतीत उलट होतं. कॅमेरा उजेड वाढवतो आणि रश्शाचा गडद रंग विटतो. मिसळीची तऱ्हा तिसरीच. फरसाण, कांदा, पाव आणि पांढरी वाटी यांच्या उजळपणाने कॅमेरा फसतो आणि तर्री काळपट येते.

उपाय हातात आहे. स्क्रीनवर पदार्थावर बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा छोटी पट्टी येते. ती वर सरकवली की फोटो उजळतो, खाली सरकवली की गडद होतो. मोदकासाठी थोडं वर, काळ्या रश्शासाठी थोडं खाली. बोट दाबून धरलं तर अनेक फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात.

काही फोनमध्ये ‘फूड’ मोड असतो. माझं मत विचाराल तर तो बंद ठेवा. तो रंग भडक आणि उबदार करतो. आपल्या जेवणात हळद, तिखट आणि केशर आधीच पुरेसं असतं. या मोडमध्ये साधं वरण नारिंगी दिसायला लागतं आणि श्रीखंड आंब्याच्या रसासारखं.

किती जवळ जायचं, कुठल्या कोनातून?

फोनचा मुख्य कॅमेरा बराच रुंद कोन टिपतो. फोन वाटीच्या अगदी जवळ नेला की पुढची कड फुगते, मागची लहान होते आणि गोल वाटी अंड्यासारखी दिसते. त्यामुळे दोन पावलं मागे या आणि २एक्स वापरा. आकार बरोबर येतो, मागचा पसाराही कमी दिसतो. बोटांनी ताणून पाच-सात पट झूम मात्र करू नका, त्यात बारकावे जातात. पोर्ट्रेट मोडही जपून वापरा. तो मागचं धूसर करताना कोथिंबिरीचं पान किंवा वाटीचा काठ अर्धवट पुसतो, आणि मोठ्या स्क्रीनवर ते लगेच ओळखू येतं.

कोन पदार्थाने ठरवावा. वडापाव, ढोकळा, थालीपिठांची चळत यांची मजा उंचीत आहे, म्हणून फोन जवळपास ताटाच्या पातळीला आणा. मिसळीची वाटी साधारण ४५ अंशांतून चांगली दिसते, कारण वरचं फरसाण आणि बाजूची तर्री दोन्ही येतात. पूर्ण ताट मात्र सरळ वरून घ्या. फोन ताटाला समांतर आहे का ते पाहण्यासाठी सेटिंगमध्ये ग्रिडच्या रेषा चालू करा.

वरून काढताना आणखी एक पथ्य. ताट जेवणाऱ्याच्या बाजूने घ्या. वर मध्यावर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी आणि आमटी. समोरच्या बाजूने फोटो काढला तर डावं-उजवं उलटं दिसतं, आणि नैवेद्याच्या पानाचा फोटो असेल तर पहिली कमेंट त्यावरच येते. स्टीलच्या ताटात वरचा पंखा आणि तुमचा हात दिसतो, त्यामुळे केळीचं पान, पितळी ताट किंवा साधी चिनीमातीची बशी सोपी पडते. पांढरा मोदक हिरव्या पानावर आपसूक उठून दिसतो.

वेळ फार कमी असतो

मिसळीतली शेव रस्सा ओतल्यावर दोन-चार मिनिटांत मऊ पडते. मोदकाची पारी गार होताना वरून सुकते, भज्यांचा कुरकुरीतपणा उतरतो, पापड आमटीच्या वाफेने मऊ होतो. म्हणून आधी रिकामी वाटी ठेवून जागा, कोन, उजेड सगळं ठरवून घ्या. पदार्थ आला की लगेच फोटो. मिसळीचा रस्सा आधी, फरसाण अगदी शेवटी. मोदकावर तूप सोडण्याआधी एक फोटो, सोडताना एक, आणि एक मोदक फोडून आतलं सारण दाखवणारा एक. खरेदी करणाऱ्याला बहुधा हा तिसराच पाहायचा असतो. वाफ टिपायची असेल तर उजेड मागून आणि पाठीमागे काहीतरी गडद हवं. पांढऱ्या भिंतीसमोर ती दिसत नाही. फोन मात्र वाफेच्या वर धरू नका, लेन्सवर दव धरतं.

सजावट आणि फसवणूक यांतली रेघ

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत वाटीत तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे भाज्या वर येऊन सूप दाट दिसावं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला आणि हे प्रकरण गाजलं. आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या खाद्यजाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरगुती ऑर्डरवाल्यांना दंडाआधी नाराज गिऱ्हाइकाची भीती. फोटोत लिंबाएवढा दिसणारा मोदक डब्यात सुपारीएवढा निघाला की पुढच्या वर्षी फोन येत नाही. आकार कळावा म्हणून शेजारी नेहमीची वाटी किंवा चमचा ठेवा. एडिटिंगमध्ये उजेड, थोडा कॉन्ट्रास्ट आणि व्हाइट बॅलन्स एवढंच हलवा. बशी खरोखर पांढरी दिसली की बाकीचे रंगही जागेवर येतात.

इंटरनेटवरून उचललेला फोटो तर लावूच नका. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे छायाचित्रालाही संरक्षण आहे, आणि तो मोदक तुम्ही केलेला नाही ही वेगळीच गोष्ट.

इन्स्टाग्रामसाठी ४:५ चा उभा फोटो, म्हणजे १०८० बाय १३५० पिक्सेल, चालतो. ब्लॉगसाठी साधारण १२०० पिक्सेल रुंदी पुरते, त्याहून मोठी फाईल पान उघडायला वेळ लावते. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे पाठवताना वरचं एचडी चिन्ह निवडा. छापायला द्यायचा असेल तर तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाईल जशीच्या तशी पोहोचते.