कोठडीच्या भिंतीवरचा मराठी कागद

आज आपण बोलणार आहोत पोलिसांनी पकडलेल्या माणसाच्या हक्कांबद्दल. काहीजणी म्हणतील, आम्हाला त्याचं काय? आमच्या घरात कुणी चोरीमारी केलेली नाही. पण संशय काही घर विचारून येत नाही. बांधावरून भांडण होतं, मालकिणीचा दागिना हरवला की कामवालीचं नाव पुढे येतं. ठाण्यातलं घोडबंदर रस्त्यावरचं मानपाडा असो, डोंबिवली पूर्वेचं मानपाडा असो, की मुरबाड-शहापूरकडची गावं असोत, पोलीस दारात आले की सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळतं.

आधी थोडा इतिहास बघू. १९१९ साली इंग्रजांनी रौलट कायदा केला. खटला न चालवता माणसाला डांबून ठेवता येईल, असा तो कायदा. लोक म्हणायचे, ना वकील, ना दलील, ना अपील. पुढे आपली घटना लिहायला बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी स्वतः तुरुंग भोगला होता. तरीही पकडलेल्या माणसाला पुरेसं संरक्षण मिळत नाही, अशी टीका घटना समितीत झाली. तेव्हा १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक नवं कलम मांडलं. तेच आजचं कलम २२.

ते काय सांगतं? अटक का केली हे लवकरात लवकर सांगायला हवं. आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलू द्यायला हवं. आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायला हवं. शिवाय कलम २० म्हणतं, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. कलम २२ मध्ये एक अपवादही आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडलं तर २४ तासांचा नियम लागू होत नाही.

२६ जानेवारी १९५० पासून हे हक्क मिळाले. पण कोठडीतल्या बाईला ते सांगणार कोण? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला आपल्या महाराष्ट्रातल्याच एका बाईने. पत्रकार शीला बारसे मे १९८२ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात परवानगी काढून १५ स्त्री कैद्यांना भेटल्या. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं, पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं. मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवलं आणि या बायकांशी बोलताना दुसरं कुणी हजर नको, असंही बजावलं.

१५ फेब्रुवारी १९८३ ला निकाल लागला. स्त्री आरोपींसाठी वेगळ्या कोठड्या हव्यात आणि तिथे पहाऱ्याला स्त्री पोलीस हव्यात. स्त्रीची चौकशी स्त्री पोलिसांच्या समोरच व्हावी. अटकेची खबर नातेवाइकाला आणि कायदेविषयक मदत समितीला द्यावी. न्यायदंडाधिकाऱ्याने प्रत्येकीला विचारावं, कोठडीत तुला त्रास दिला का? आणि आणखी एक हुकूम होता, तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. अटक झालेल्या माणसाचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावेत, आणि तिला कळेल त्या भाषेत वाचून दाखवावेत.

विचार करा, घटनेतला हक्क कोठडीच्या भिंतीवर मराठीत लावा, हे सांगायला ३३ वर्षं गेली. कळत नसलेला हक्क असून नसल्यासारखाच.

त्यानंतर वाट थोडी रुंद झाली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. २००५ च्या दुरुस्तीने सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायला बंदी आली. अगदीच अपवाद असेल तर स्त्री अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी काढायची. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, त्यातही हा नियम कायम आहे.

कुणी विचारेल, चोराला कशाला एवढे लाड? मैत्रिणींनो, पकडलेला प्रत्येक जण चोर नसतो. तो गुन्हेगार आहे की नाही, हे न्यायालय ठरवतं. आणि मारून कबूल करून घेतलं तर खरा चोर मोकळाच राहतो. ज्या बाईचा दागिना गेला, तिलाही त्यातून काय मिळालं?

आता एक काम करू या. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत चार ओळी मोठ्याने वाचा. अटकेचं कारण विचारा. घरी कळवायला सांगा. वकील मागा. २४ तास मोजा. मोफत वकिलासाठी १५१०० हा क्रमांक प्रत्येकीने फोनमध्ये घालून ठेवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याकडून तो पाठ करून घ्या. कोठडीच्या भिंतीवरचा कागद फाटेल, पण पाठ झालेलं कुणी काढून घेऊ शकत नाही.