रूट खाते व सुडो

लिनक्स संगणकप्रणालीतील सर्वाधिकारी खाते, आणि त्याचा अखत्यार एकेका कामापुरता वापरू देणारी आज्ञा. प्रत्येक वापरकर्त्यास प्रणाली एक क्रमांक देते. ज्याचा क्रमांक शून्य तो रूट, आणि फाइलींच्या वाचन-लेखनाविषयीचे जे निर्बंध इतरांस अडवितात ते त्यास अडवीत नाहीत. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सची ही व्यवस्था १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स याने हेलसिंकी येथे निर्मिलेल्या लिनक्सनेही स्वीकारली.

पूर्वी कारभारासाठी रूटचाच परवलीचा शब्द अनेकांच्या हाती द्यावा लागे, आणि मग कोणते कृत्य कोणाचे हे ठरविणे दुरापास्त होई. १९८० च्या सुमारास बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगेशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी रचलेल्या सुडोने ही अडचण दूर केली: वापरकर्ता स्वतःचाच परवलीचा शब्द देतो, त्यास कोणती मुभा आहे हे ‘सुडोअर्स’ या फाइलीवरून पडताळले जाते, आणि दिलेल्या हुकुमाची नोंद त्याच्या नावासह दप्तरी राहते. अधिकार व्यक्तीस कायमचा न देता कृतीपुरता द्यावा, हे या योजनेतील खरे शहाणपण होय. २००४ पासून उबुंटूने तर रूटचा परवलीचा शब्द मुळातच बंद ठेवला आहे.

विंडोज एक्सपीच्या काळात, स्थापनेच्या वेळी निर्मिलेले खातेच प्रशासकाचे असल्याने, ज्यांना सर्वाधिकारात वावरण्याची सवय जडली त्यांना लिनक्सवर आल्यावर परवलीचा शब्द देण्याचा हा अडसर प्रथम जाचक वाटतो. शब्द टंकित करताना पडद्यावर साधारणतः ताराचिन्हही उमटत नाही, त्यामुळे कळफलकच बिघडला असा नवख्याचा समज होतो. याहून गंभीर चूक म्हणजे चित्रमय पडद्याचे कार्यक्रम सुडोने उघडणे. त्यामुळे वापरकर्त्याच्या घरच्या निर्देशिकेतील काही फाइलींची मालकी रूटकडे जाऊ शकते, आणि मग पुढल्या खेपेस परवलीचा शब्द अचूक देऊनही प्रवेशाचाच पडदा पुनःपुन्हा समोर येतो. अशा वेळी प्रणाली नव्याने बसविण्याचे कारण नाही. मालकी परत केली की काम भागते.

सुडो स्वतः रूटच्या अधिकाराने चालत असल्यामुळे त्यातील दोषही तितकाच घातक असतो. सुमारे दहा वर्षे दडून राहिलेला असा एक दोष जानेवारी २०२१ मध्ये उघडकीस आला, आणि त्याद्वारे संगणकावरील कोणाही सामान्य खातेदारास रूट होता येत असे. म्हणून सुरक्षाविषयक सुधारणा वेळच्या वेळी बसविणे अगत्याचे. ‘सुडोअर्स’मध्ये बदल करणे असल्यास तो ‘व्हायसुडो’ या आज्ञेनेच करावा, कारण ते जतन करण्यापूर्वी व्याकरण तपासते, एरवी जुन्या आवृत्त्यांत एका चुकलेल्या ओळीने सुडो सर्वांसच बंद होई, आणि रूटचा परवलीचा शब्द बंद असल्यास दुरुस्तीसाठी संगणक दुरुस्ती-अवस्थेत सुरू करावा लागे.