लाल दिव्यावर थांबवा! ५५५ आणि ४०१७ वापरून घरच्या घरी पहिला इलेक्ट्रॉनिक गेम

दहा एलईडी गोलात लावलेत आणि प्रकाश एकावरून दुसऱ्यावर पळतोय. नऊ हिरवे, एक लाल. बटण दाबल्यावर प्रकाश लालवर थांबला की तुम्ही जिंकलात. बस, एवढाच गेम. यात कोडिंग नाही, आर्डुइनोसुद्धा नाही. १९७२ साली आलेल्या अटारीच्या ‘पाँग’मध्येही प्रोग्राम नव्हता, सगळं काम साध्या लॉजिक चिप्स करायच्या.

सामान पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका दुकानात मिळून जातं: ५५५ आणि ४०१७ या दोन आयसी, ब्रेडबोर्ड, एलईडी, बटण, थोडे रेझिस्टर आणि कपॅसिटर. पॉवरसाठी चार पेन्सिल सेल, म्हणजे ६ व्होल्ट. घरातल्या प्लगची वायर या सर्किटजवळ आणायची नाही.

५५५ हे या गेमचं घड्याळ. पिन ४ आणि ८ प्लसला, पिन १ मायनसला. ८ आणि ७ च्या मध्ये १ किलोओहम, ७ आणि ६ च्या मध्ये १० किलोओहम. पिन २ आणि ६ एकमेकींना जोडा आणि तिथून मायनसला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आता पिन ३ वर सेकंदाला साधारण ७ ठोके मिळतात.

हे ठोके ४०१७ च्या पिन १४ ला द्या. ही आयसी प्रत्येक ठोक्याला पुढचं आउटपुट चालू करते. तिची पिन १६ प्लसला, ८ आणि १५ मायनसला. आउटपुटच्या पिन मात्र ओळीने नाहीत. क्रम असा आहे: ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११. एलईडीचा लांब पाय आउटपुटला. सगळे आखूड पाय एकत्र करून ४७० ओहममधून मायनसला. एका वेळी एकच दिवा लागतो, त्यामुळे दहा रेझिस्टर घ्यायची गरज नाही.

आता बटण. पिन १३ ला प्लस मिळालं की मोजणी थांबते, म्हणून बटण १३ आणि प्लसच्या मध्ये. कॉलेजमध्ये मी एवढंच करून सोडलं होतं. सर्किटजवळ नुसता हात नेला तरी दिवे अडकायचे, मध्येच पळायचे. दोन आयसी बदलल्या, मग कळलं की मोकळी सोडलेली पिन म्हणजे शून्य नव्हे, ती हवेतला करंट पकडत बसते. पिन १३ वरून मायनसला १० किलोओहम लावा, प्रश्न मिटला.

तरी एक खोड उरतेच. लालवर अचूक दाबलं तरी कधी कधी प्रकाश एक घर पुढे सरकतो आणि समोरचा म्हणतो, ‘तू चीटिंग केलीस!’ दोष बटणाचा असतो. दाबताना आतला पत्रा काही मिलिसेकंद थरथरतो, त्यालाच बाउन्स म्हणतात. घड्याळाचा ठोका वर असताना ही थरथर झाली तर ४०१७ तीही मोजते. त्या १० किलोओहमला समांतर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, प्लस पाय पिन १३ कडे. हा कपॅसिटर बऱ्याच जणांकडून राहून जातो. पण तो नसेल तर हरण्या-जिंकण्याला अर्थ नाही.

दिवे अजिबात लागत नसतील तर आधी ब्रेडबोर्डची पॉवरची पट्टी तपासा. काही बोर्डांत ती मध्येच तुटलेली असते. एखादाच दिवा लागत नसेल तर तो उलटा बसलाय.

खेळताना लाल दिसल्यावर बटण दाबाल तर हरलात. प्रत्येक दिवा जेमतेम ०.१५ सेकंद लागतो आणि आपला हात हलायलाच त्याहून जास्त वेळ जातो. अंदाज घेऊन आधीच दाबावं लागतं. घरात कोणी सराईत झालंच तर १० च्या जागी ४.७ मायक्रोफॅरड लावा, वेग दुपटीच्या वर जातो.

आणि ०.१ लावलात तर सेकंदाला जवळपास ७०० ठोके. डोळ्यांना सगळे दिवे एकदमच लागल्यासारखे दिसतात, आता फक्त नशीब. मग ४०१७ ची पिन १५ मायनसवरून काढून पिन ५ ला जोडा. पहिले सहाच दिवे फिरतील आणि लुडोसाठी फासा तयार.