रुग्णशय्येजवळची श्रद्धा

घरातील माणूस असाध्य व्याधीने अंथरुणास खिळले, की शुश्रूषा करणाऱ्यांच्या श्रद्धेचीही कसोटी लागते. इतिहास लढायांची नोंद ठेवतो. अशा रात्रींची क्वचितच. पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील फेब्रुवारी १९४४ चे दिवस हा त्यास अपवाद होय.

ऑगस्ट १९४२ मध्ये महात्माजींना व पाठोपाठ कस्तुरबांना तेथे स्थानबद्ध करण्यात आले. १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई तेथेच निवर्तले. पुढे बांचे हृदय उत्तरोत्तर क्षीण होत गेले. डॉ. गिल्डर व डॉ. सुशीला नय्यर हे सहबंदीच उपचार करीत. बांच्या इच्छेवरून वैद्य शिव शर्मांनाही पाचारण करण्यात आले. उशाशी रामधून व गीतापठण चाले. औषध आणि प्रार्थना यांमध्ये तेथे कोणी भिंत उभारली नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

अखेरीस पुत्र देवदास यांच्या खटपटीने त्या काळी दुर्मिळ असलेले पेनिसिलीन कलकत्त्याहून विमानाने आले. परंतु दर काही तासांनी सुई टोचावी लागणार, हे कळताच महात्माजींनी मुलास ईश्वरावर भार टाकण्यास सांगितले. देवदासांनी मान तुकविली. त्यांनीच आणलेले गंगाजल बांनी घेतले आणि २२ फेब्रुवारीस, महाशिवरात्रीच्या सायंकाळी, पतीच्या मांडीवर देह ठेवला.

या प्रसंगावरून पित्याची श्रद्धा आणि पुत्राचे विज्ञान असा झगडा रंगविणे सोपे आहे. परंतु ते यथार्थ नव्हे. गंगाजल आणि पेनिसिलीन एकाच पुत्राच्या हातून आले होते. उपाय शिल्लक असताना झटणे ही भक्ती. ते सरल्यावर रुग्णास अधिक यातना न देणे हीही भक्तीच. मात्र त्या दोहोंमधील सीमारेषा कोठे आखावी, याचे उत्तर कोणतेही शास्त्र शुश्रूषकास आयते देत नाही.

श्रद्धेने महात्माजींचे दुःखही हरण केले नाही. साठ वर्षांहून अधिक काळाची सहचरी गेली होती. दुसऱ्या दिवशी चिता शांत होईपर्यंत ते तेथून हलले नाहीत. श्रद्धेने दिले ते तेथे बसून राहण्याचे बळ.

स्वप्रांतापासून दूर, आप्तांच्या आधारावाचून रुग्णसेवा करण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर येतो. अशा वेळी रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या हाती जपमाळ दिसली, तर ती दुर्बलतेची खूण समजू नये. आणि शक्य तर त्याच्याशेजारी घटकाभर बसावे.