दवंडीपासून संकेतस्थळापर्यंत

भगिनींनो, कार्यक्रम बसविण्यापेक्षा खुर्च्या भरणे अवघड, हे मंडळाचे काम केलेल्या कोणाही बाईस वेगळे सांगावयास नको. मंगळागौरीचे खेळ असोत की भजनाची स्पर्धा, घरचे सारे आटोपून महिनाभर तालीम केलेल्या बायकांपुढे दहाच माणसे बसली तर मन खट्टू होते. म्हणून कार्यक्रमाची वर्दी लोकांना स्वस्तात कशी द्यावी, याचा थोडा इतिहास येथे मांडीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तेव्हा वाचून-ऐकून जे उमजले ते साध्या शब्दांत सांगते.

पूर्वी गावात दवंडी पिटली की काम भागे. खर्च राजाने किंवा देवस्थानाने सोसावा व लोकांनी खेळ पाहावा, अशी रीत होती. सांगलीस १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केले, ते श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि तो आधार तुटला. मग भाव्यांना आपली मंडळी घेऊन परगावी हिंडावे लागले. १८५३ साली मुंबईस ग्रँट रोडवरील नाटकगृहात त्यांचे खेळ तिकीट लावून झाले व त्यांची जाहिरात वर्तमानपत्रात आली. राजाश्रय गेला तेव्हा तिकीट आले, आणि तिकिटापाठोपाठ जाहिरातही आली.

या तिकिटाने स्त्रियांचेही भले केले. गाणारी बाई म्हणजे दरबारात किंवा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गाणारी, अशी एके काळी समजूत होती. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या गायिकांत हिराबाई बडोदेकर यांचे नाव आदराने घेतात. तिकीट काढून कुटुंबासह यावे, गाणे ऐकावे आणि घरी जावे, यात बोलणाऱ्याला बोलावयास जागा राहिली नाही.

परंतु वर्तमानपत्रातील जाहिरात, छापील हस्तपत्रके, चौकातील फलक या सर्वांचे पैसे आधी मोजावे लागतात. एकही तिकीट खपले नाही तरी छापखान्याचे बिल चुकत नाही. नाटक कंपनीला हे झेपे. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला कसे झेपावे?

या अडचणीतून वाट निघाली ती इंटरनेटमुळे. १९९५ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे क्रेग न्यूमार्क नावाच्या गृहस्थाने शहरातील कार्यक्रमांची यादी ई-मेलने मित्रांना पाठविण्यास सुरुवात केली. तिचेच पुढे ‘क्रेग्जलिस्ट’ हे संकेतस्थळ झाले. आपल्याकडे त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९९ साली मुंबईत आशीष हेमराजानी यांनी दोन मित्रांसह तिकीटविक्रीचा व्यवसाय काढला. २००७ पासून तो ‘बुकमायशो’ या नावाने घरोघरी माहीत झाला. २००६ साली केव्हिन व ज्युलिया हार्ट्झ या दांपत्याने रेनो व्हिसाज या सहकाऱ्यासह अमेरिकेत ‘इव्हेंटब्राइट’ सुरू केले. लहानसहान संस्थांनाही स्वतःच आपल्या कार्यक्रमाचे पान तयार करता यावे व तिकिटे विकता यावीत, अशी त्यांची योजना होती.

अशा संकेतस्थळांनी खर्चाचा क्रमच उलटा केला. एरवी पैसे आधी जात व प्रेक्षक मागून येत. येथे तिकीट खपल्यावर त्यातून आकार कापला जातो. न खपलेल्या तिकिटाचा भुर्दंड बहुधा पडत नाही. शिवाय किती जणी येणार हे आधी कळते, त्यामुळे खुर्च्या व चहा मोजून सांगता येतो. २०१६ साली यूपीआय आल्यापासून मोबाइलवरून पैसे देणेही सोपे झाले.

तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, आकार किती आणि तो कोणाकडून घेणार हे आधी नीट वाचावे. तिकिटाचे पैसे पुष्कळदा कार्यक्रम पार पडल्यावर हाती येतात. तेव्हा सभागृहाची अनामत मंडळाच्या गंगाजळीतूनच भरावी लागेल. दुसरी, संकेतस्थळावर शेकडो कार्यक्रमांच्या गर्दीत आपलेही एक नाव असते. जी शोधते तिलाच ते सापडते. शेजारच्या आजींच्या हाती तसला मोबाइल नाही, आणि नव्याने राहावयास आलेल्या सुनेला मंडळ आहे हेच ठाऊक नाही. हळदीकुंकवाचे बोलावणे जसे दारात जाऊन करतो, तसे यांना सांगावयास आपणच गेले पाहिजे.

म्हणून पुढच्या कार्यक्रमास माझी सूचना अशी की, निम्मी तिकिटे संकेतस्थळावर ठेवावीत व निम्मी खजिनदारबाईंच्या वहीत. हस्तपत्रकांचे जे पैसे वाचतील त्यांतून तालमीला येणाऱ्या बायकांना रिक्षाभाडे द्यावे. भाड्यापायी तालमीला येणे सोडणाऱ्या भगिनी आपल्यातच आहेत.