माळवदावरचे चिमणराव



२०२५ च्या दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस, उत्तम क्षमा. तारीख २८ ऑगस्ट. पूजा आटोपून मंदिरातून घरी आले, सोवळ्याचे पातळ बदलले आणि मोबाइल हातात घेतला तर बातमी दिसली, बाळ कर्वे गेले. तीनच दिवसांपूर्वी त्यांना ९५ वर्षे पूर्ण झाली होती. मी खुर्चीत बसून राहिले. सूनबाईने विचारले, "आई, कोण हो हे?" मी म्हटले, "अगं, गुंड्याभाऊ." तिला गुंड्याभाऊही ठाऊक नव्हते. मग चिमणरावांपासून सुरुवात करावी लागली. तिला सांगता सांगता माझ्या लक्षात आले की ही गोष्ट नुसत्या टीव्हीची नाही. तिच्यात माझी एक जुनी चूकही आहे. म्हणून इथे लिहून ठेवते.

माझे माहेर ईट, भूम तालुक्यातले. आता धाराशिव जिल्हा म्हणतात, तेव्हा उस्मानाबाद. माझ्या लहानपणी ईटला टीव्ही नव्हता. मुंबईचे दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, वर्षभराने सिंहगडावरच्या केंद्रातून ते पुण्यात दिसू लागले, पण घाटाच्या अलीकडे आम्हाला त्याचे काय! गंमत म्हणजे आमच्या जिल्ह्याची हद्द जिथे कर्नाटकाला लागते, त्या गुलबर्गा जिल्ह्यातल्या काही खेड्यांनी आमच्या कितीतरी आधी टीव्ही पाहिला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एका उपग्रहावरून देशातल्या सहा राज्यांत, २४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शाळेचे कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग झाला. त्या सहा राज्यांत कर्नाटक होते, आंध्र होते, महाराष्ट्र नव्हता. शेजारच्या घरी दिवाळी आणि आपल्याकडे अंधार, तसला प्रकार. आमच्याकडे पडद्यावर चित्र आले ते ऐंशीच्या दशकात, आणि तेही आधी दिल्लीचे. १९८४ साली सुरू झालेले 'हम लोग', 'ये जो है जिंदगी' वगैरे.

पण मी चिमणराव पाहिले, कारण माझे मामा पुण्यात नोकरीला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे एस.टी.ने पुण्याला जायचो. मामांच्या वाड्यात एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता, लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा. मालिकेच्या वेळेला सगळा वाडा तिथे जमायचा. दाराशी चपलांचा ढीग, आत सतरंजीवर पोरे, मागे बायका, उभे राहून पुरुष. चित्र काळे-पांढरे, मधूनच मुंग्या यायच्या, मग कोणीतरी गच्चीवर अँटेना फिरवायला पळायचे आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं! आलं! गेलं!" सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव गुंड्याभाऊ' लागायचे. मराठीतल्या अगदी पहिल्या मालिकांपैकी ती एक. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. एक किरकोळ शरीराचा, भित्रा, शब्दांच्या कसरती करणारा कारकून, दुसरा भक्कम, आधी हात उगारणारा आणि मग विचार करणारा. घरात बायको काऊ, आई, मुले, आणि ज्यांची कामे कधी सरळ होत नाहीत असे हे दोघे. दोन सुट्ट्यांत मिळून मी मोजकेच भाग पाहिले असतील. पण तेवढ्यावर मी ईटला पुढची दोन वर्षे काढली.

कशी, ते सांगते. आपल्याकडे दिवे लागायच्या आत जेवण उरकलेले असते. शेजारपाजारच्या घरांत तेव्हा कुठे चूल पेटायची आणि आमच्याकडे भांडी घासून पालथी घातलेली असायची. त्यामुळे आमच्या घरच्या बायकांची संध्याकाळ लांब. उन्हाळ्यात सगळ्याजणी माळवदावर अंथरुणे टाकून बसायच्या. पुण्याहून आल्यावर मी तिथे चिमणराव सांगायला लागले. आधी बहिणींना, मग काकूंना, मग शेजारच्याही येऊन बसू लागल्या. पाहिलेले भाग संपले तेव्हा मामांनी चि. वि. जोशींचे 'चिमणरावाचे चऱ्हाट' पाठवले. ते वाचून मी पुढचे भाग स्वतःच तयार करू लागले. दोघांचे आवाज काढायचे, एकाचा बारीक, एकाचा घोगरा.

आजीला हे कसे चालेल, याची सगळ्यांना धास्ती होती. आजी कडक. आमच्याच तालुक्यातल्या कुंथलगिरीला १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, तेव्हा ती दर्शनाला जाऊन आली होती. छत्तीस दिवसांनी, १८ सप्टेंबरला, महाराजांनी देह ठेवला. तेव्हापासून आजीने रात्रीचे पाणीही सोडले होते. तिला तत्त्वार्थसूत्र अर्थासह पाठ. तुम्हाला माहीतच आहे, दशलक्षणात रोज एक अध्याय वाचतात, दहा दिवसांत दहा. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय येतो. त्यात अनर्थदंडव्रताचे अतिचार सांगितले आहेत, त्यातले पहिले तीन हसण्या-बोलण्याचेच: कंदर्प म्हणजे असभ्य थट्टा, कौत्कुच्य म्हणजे अंगविक्षेप करून, सोंगे आणून केलेली थट्टा, आणि मौखर्य म्हणजे उगाच लांबण लावणारी बडबड. दुसऱ्या दिवशीच्या आठव्या अध्यायात नऊ नोकषाय येतात, त्यांत पहिलेच नाव हास्य. सत्यव्रताच्या भावनांमध्येही हास्याचा त्याग सांगितला आहे, कारण थट्टेत खोटे सहज बोलले जाते. आणि मी तर 'चऱ्हाट' नावाचे पुस्तक घेऊन आवाज काढत बसले होते. म्हणजे मौखर्य मुखपृष्ठावरच छापलेले!

एका संध्याकाळी आजी माळवदावर आली. सगळ्या गप्प. ती म्हणाली, "काय चाललंय ते मला बी सांग." मी घाबरत घाबरत सांगितले. चिमणराव बहिणीसाठी स्थळे शोधत हिंडतात आणि सगळीकडे फजिती होते, असा तो भाग होता. आजी शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग विचारले, "ह्यो चिमणराव हसतो कुणाला?" मी विचार केला. पुस्तकात सगळे चिमणराव स्वतःच्या तोंडाने सांगतात. फजिती त्यांची, भित्रेपणा त्यांचा, बढाई मारून तोंडावर पडतात तेही तेच. मी म्हटले, "स्वतःलाच." आजी म्हणाली, "मग सांग. पन सोंगं कमी आन." एवढे बोलून माळ घेऊन खाली गेली.

आजीला ठाऊक नसलेली एक गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी कळली. चि. वि. जोशी, म्हणजे चिंतामण विनायक जोशी, हे नुसते विनोदी लेखक नव्हते. जन्म १८९२ चा, पुण्याचा. पेशाने पालीचे प्राध्यापक, बडोद्याला. पुढे बडोदे सरकारच्या राजदप्तराचे कामही त्यांच्याकडे होते. जातकातल्या निवडक गोष्टी त्यांनी मराठीत आणल्या, गौतम बुद्धांवर लिहिले, आणि लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठी 'सद्धम्मप्पकासिनी' ही जुनी टीका संपादित केली. म्हणजे दिवसभर भिक्षूंच्या ग्रंथातली पाठांतरे जुळवायची आणि मग चिमणराव लिहायचे! पाली ही आपल्या आगमांच्या प्राकृताची जवळचीच नातलग. श्रमणांच्या कथांमध्ये मुरलेल्या माणसाने विनोद लिहिताना बोट आधी स्वतःकडे वळवले, याचे मला नवल वाटत नाही. हे माझे मत झाले. पंडितांना पटेल न पटेल.

चिमणराव पडद्यावर आले तेही टीव्हीच्या खूप आधी. १९४० साली मास्टर विनायकांनी 'लग्न पाहावे करून' काढला. दामुअण्णा मालवणकर चिमणराव, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दोन वर्षांनी 'सरकारी पाहुणे'. जोशी १९६३ साली गेले. टीव्हीवरचे आपले चिमणराव त्यांनी पाहिले नाहीत.

आता चुकीकडे येते.

आमच्या घरी एक अक्का होत्या, आजोबांच्या नात्यातल्या. लहानपणीच वैधव्य आलेले, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. पण ऐकून ऐकून पूर्ण तत्त्वार्थसूत्र म्हणायच्या. संस्कृत शब्द कानाने घेतलेले, त्यामुळे जोडाक्षरे मोडायची, दोन सूत्रे एकमेकांत शिरायची. कोणी दुरुस्त करत नसे. दुपारी जात्यापाशी धान्य निवडता निवडता त्यांचे म्हणणे चालायचे आणि घराला त्या आवाजाची सवय झाली होती. एके रात्री माळवदावर चिमणरावांचे भाग संपलेले, मंडळी जमलेली, "अजून सांग, अजून सांग" चाललेले. मी चिमणरावांच्या घरी एक पाहुणी आणली. ती सूत्र म्हणते. मी अक्कांचा आवाज काढला, त्यांचे मोडके शब्द, मान डोलवणे, सगळे. बायका इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. मीही फुलून गेले. आणि जिन्याच्या तोंडाशी पाण्याची कळशी घेऊन अक्का उभ्या होत्या.

त्या काही बोलल्या नाहीत. कळशी ठेवली, खाली गेल्या. दुसऱ्या दिवसापासून जात्यापाशी आवाज नव्हता. धान्य निवडणे चालू, ओठही हलायचे, पण आवाज नाही. आजीने मला बोलावून एवढेच म्हटले, "हे त्या चिमणरावाचं न्हाई बग." मला त्या वयात राग आला होता. जमले म्हणून तर सगळ्या हसल्या ना, असे वाटले होते.

पुढे १९९३ च्या सुमारास, लग्न होऊन मी सासरी होते तेव्हा, दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर 'जबान संभालके' लागायचे. तुमच्यातल्या पुष्कळजणींनी पाहिले असेल. पंकज कपूर हिंदीचे शिक्षक आणि वर्गात देशोदेशीचे, प्रांतोप्रांतीचे विद्यार्थी. विजू खोटे त्यात मराठी माणूस होते, विठ्ठल बापूराव पोटे. शुभा खोटे मुख्याध्यापिका. घरात सगळे खदखदून हसायचे, मीही. पण पोटेंचे हिंदी ऐकून शेजारी हसायचे तेव्हा मला थोडे टोचायचे.

ही मालिका मूळची इंग्लंडची, 'माइंड युवर लँग्वेज'. ती मला मुलाने नंतर कॉम्प्युटरवर दाखवली. १९७७ च्या डिसेंबरात तिथे सुरू झाली, म्हणजे आमच्या चिमणरावांच्याच काळातली. लंडनमधला रात्रीचा इंग्रजीचा वर्ग, ब्राउन नावाचे गोड स्वभावाचे मास्तर, आणि परदेशांतून आलेले विद्यार्थी. त्यात एक जमिला आहे, साडीतली, वर्गात बसून सतत विणकाम करणारी, इंग्रजी जवळजवळ न येणारी. ते काम करणाऱ्या जमिला मॅसी यांचा जन्म आपल्या सिमल्याचा. मालिका देशोदेशी गाजली, भारतातही तिचे चाहते खूप. पण १९७९ ला ती थांबवली गेली. ज्या कंपनीची मालिका, तिथले अधिकारी मायकेल ग्रेड यांना त्या त्या देशाच्या माणसाला एकाच साच्यात घालून हसणे योग्य वाटले नाही. खरे सांगायचे तर मला मालिका आवडली. मास्तर कोणाचा अपमान करत नाहीत, आणि वर्गाबाहेर लंडनमध्ये त्या माणसांना एरवी टीव्हीवर जागा तरी कुठे होती? पण जमिला तोंड उघडायची, मागे हसू फुटायचे, आणि माझे हात थांबायचे. साडी सावरून विणणारी ती बाई मला जात्यापाशी बसलेली दिसायची. मुलाला वाटले, आईला इंग्रजी कळत नसावे.

अक्कांची क्षमा मी मागितली होती. त्याच वर्षी क्षमावाणीला, आजीने हाताला धरून नेले म्हणून. मी पायांवर डोके ठेवले. अक्कांनी डोक्यावर हात फिरवला, "माजीबी क्षमा" म्हणाल्या, जसे त्या दिवशी सगळ्यांना म्हणायच्या तसेच. मग पदराच्या गाठीतले दोन बदाम काढून माझ्या हातावर ठेवले. पण सूत्र त्यांनी पुन्हा मोठ्याने म्हटले नाही. आठेक वर्षांनी त्या गेल्या, तेव्हा मी बाळंतपणासाठी ईटलाच होते. शेवटच्या रात्री आजी त्यांच्या उशाशी बसून सूत्र म्हणत होती आणि अक्का ओठ हलवत होत्या.

चिमणराव सांगणे मी त्यानंतर बंद केले होते. आजीला ते आवडले नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिनेच विचारले, "त्या चिमन्याचं काय झालं पुढं?" तेव्हा पुन्हा सांगितले, आवाज न काढता, पुस्तकातून नुसते वाचून.

२०२५ च्या दशलक्षणात सातव्या दिवशी आमच्या इथल्या मंदिरात सूत्रवाचन चालू होते. वाचणारी मुलगी इंजिनिअर आहे, फडाफडा वाचते. कौत्कुच्य शब्दापाशी अडखळली, जीभ वळेना, तिची तिलाच हसू आले. पुन्हा म्हटले, पुन्हा अडखळली. सगळ्या बायका हसल्या, तीही हसली. मीही हसले. घरी आल्यावर सूनबाईला म्हटले, पर्व संपू दे, कपाटात वरच्या फळीवर एक जुने पुस्तक आहे, ते काढ. शिवण उसवली आहे, सांभाळून काढ.